गावचं घर टप्प्याटप्प्याने कसं दुरुस्त करावं: नवशिक्या चाकरमान्यांसाठी

कोकणात वडिलोपार्जित घर आणि मुंबईत नोकरी असलेल्या माणसाला कधी ना कधी वाटतंच की, घराचं आता काहीतरी केलं पाहिजे. हे बहुधा गणपतीत, आरती झाल्यावर वाटतं. पैसे एकदम नसतात, म्हणून काम टप्प्याटप्प्याने करायचं ठरतं. ते कसं करावं, एवढंच शिकायचं उरतं.

आधी कागद पाहावा. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये घर अजून आजोबांच्या नावावर असेल. सगळ्या चुलत्यांना फोन करून संमती घ्यावी. प्रत्येकजण म्हणेल, "तू सुरुवात कर रे, आम्ही आहोतच." ही रक्कम हिशेबात धरू नये.

पहिला टप्पा रंगाचा ठेवावा. रंग लगेच दिसतो, त्याचा फोटो निघतो आणि काम सुरू झाल्याचं भाऊबंदांत जाहीर होतं. रंग वाळला की वायरमनला बोलवावं, म्हणजे त्याला भिंती फोडायला स्वच्छ जागा मिळते. दुसरा टप्पा फरशीचा. ओटीवरचा जुना कोबा उखडून चकचकीत टाइल्स घालाव्यात. त्यावर पाणी सांडलं की माणूस ओटीवरून थेट खळ्यात पोचतो.

दरम्यान सुतार येईल. तो भिंतींकडे बघणारच नाही, मान वर करून वाशांना पटाशीने टोचून बघेल आणि म्हणेल, "भाऊ, आधी वरचा बघूक व्हया." त्याला चहा द्यावा आणि पुढच्या वर्षी बोलावतो म्हणून सांगावं.

त्याचं म्हणणं काय असतं, ते करमणुकीसाठी ऐकायला हरकत नाही. मंगलोरी कौल हे बासेल मिशनवाल्यांनी 1865 मध्ये मंगळुरात कारखाना काढल्यापासूनचं. त्याआधी नळे होते. कौल खालच्या उंचवट्याने रिपेला अडकतं आणि बाजूच्या कौलात बसतं, त्याला खिळा लागत नाही. त्यामुळे फुटलेलं कौल एकट्याने बदलता येतं, आणि त्यामुळेच एका वानराला एका उडीत चार कौलं सरकवता येतात. सरकलेल्या कौलातून आलेलं पाणी तिथेच टपकत नाही. ते रिपेवरून वाशावर येतं, वाशाच्या उताराने घरंगळत भिंतीच्या माथ्यावर जातं आणि चिऱ्यात मुरतं. जांभा सच्छिद्र, जुन्या घरात सांधे मातीचे. बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला असेल तर आत शिरलेला ओलावा बाहेर पडू शकत नाही, आणि वाळवीची सोय होते. तुम्ही माजघरात बादली ठेवता ती जागा आणि गळतीची जागा यांत अनेकदा तीन-चार ओळींचं अंतर असतं. म्हणून सुतार म्हणतो की आधी कौलं उतरवा, सडलेले वासे-रिपा बदला, मग घराभोवतीचं पाणी वाहून नेणारं गटार करा, मग वायरिंग आणि नळ, मग गिलावा, मग फरशी, आणि रंग सगळ्यात शेवटी. या क्रमात फोटो काढण्यासारखं काहीच येत नाही. दोन वर्षांचे पैसे छपरात गेले तरी घर रस्त्यावरून होतं तसंच दिसतं, आणि बोरिवलीचे काका विचारतात, "एवढे पैसे गेले कुठे?"

आता मुहूर्त. पाऊस जातो ऑक्टोबरात, पण तेव्हा गडी भातकापणीला जातात. मग दिवाळी. मार्चपासून शिमगा आणि आंब्याच्या बागा. शहाणे लोक जानेवारी-फेब्रुवारीत छप्पर उघडतात, कारण तेव्हा आभाळ कोरडं असतं आणि माणसंही मिळतात. तुम्हाला मात्र रजा मे महिन्यातच असते, तेव्हा मे धरावा. सुतार त्या महिन्यात आणखी पाच घरांत काम करत असतो. तो सकाळी हत्यारं तुमच्याकडे ठेवून दुसरीकडे जातो. मृग 7 जूनच्या आसपास लागतो, आणि रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तुमची रजा संपली, ही गोष्ट ढगांना कोणी कळवत नाही.

कोणी कौलं काढून पत्रे घालायला सुचवेल. खर्च कमी, वानरांचा त्रास नाही, काम आठवड्यात. मे महिन्यात त्याखाली पापड वाळतात, जुलैत एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. हिश्शाचा वाद असलेल्या घरांनी या दुसऱ्या गुणाचा जरूर विचार करावा.

एवढं करूनही छप्पर अर्धं उघडं राहील, ते धरूनच चालावं. ताडपत्री मेच्या सुरुवातीलाच आणून ठेवावी आणि मोजताना दोन्ही पाखी मोजावीत. जूनच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याच्या बाजारात ती सहसा मिळत नाही, आणि मिळालीच तर न्हाणीपुरती मिळते.