पाठीला डोळे नसणाऱ्यांचं विमान

लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये माणूस शत्रूच्या नेमामुळे कमी आणि स्वतःच्या मानेमुळे जास्त मरतो. हे मत इंदिरापुरमच्या एका फ्लॅटमध्ये, टेबलाला आवळून बसवलेल्या जॉयस्टिकसमोर तयार झालेलं आहे; त्याला हवाई दलाची मान्यता नाही. हवाई दल तसं जवळच आहे म्हणा. हिंडनला उतरणारं अवजड सी-१७ डोक्यावरून गेलं की खिडकीच्या काचा थरथरतात, आणि नेमकं तेव्हाच पडद्यावर मागून येऊन कुणीतरी माझी शेपटी उडवतो. कोण होता, ते शेवटपर्यंत दिसत नाही.

माणसाला दोन डोळ्यांनी आडवं जवळजवळ २०० अंश दिसतं. हातभर अंतरावरचा २४ इंची मॉनिटर त्यातले जेमतेम पंचेचाळीस-पन्नास अंश व्यापतो. बाकीचे दीडशे अंश आपण नेहरू प्लेसच्या दुकानातच सोडून आलेलो असतो. त्यावर तोड म्हणून दृश्याचा कोन वाढवायचा, नव्वद अंश त्याच काचेत कोंबायचे. मग आजूबाजूचं दिसतं, पण दूरच्या विमानाचा ठिपका होतो. कोन आवळला तर त्या ठिपक्याला पंख फुटतात, पंखांवरचं चिन्हही ओळखू येतं; फक्त त्याचा जोडीदार दिसत नाही, आणि गोळ्या झाडतो तो जोडीदारच.

खरा अन्याय मात्र कॉकपिटच्या चौकटीत आहे. हाडामांसाच्या वैमानिकाच्या दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं. काचांमधली बारीक पट्टी एका डोळ्यापासून जे झाकते ते दुसऱ्याला दिसतं, त्यामुळे ती फारशी आड येत नाही. कॉम्प्युटरमधला वैमानिक एकाक्ष. त्याच्यापुढे ती पट्टी म्हणजे भिंत. २००१ साली आलेल्या ‘इल-२ स्टर्मोविक’मधल्या जर्मन फॉक-वुल्फ १९० च्या अशाच एका पट्टीवरून शौकीन वर्षानुवर्षं भांडले. खऱ्या विमानात जाड चिलखती काचेतून प्रकाश वाकायचा आणि पट्टी बारीक वाटायची, खेळात ती जाडच्या जाड आली, ही त्यांची तक्रार. प्रकाशाच्या वक्रीभवनावर इतक्या पोटतिडकीने बोलणारं माणूस मला दहावीच्या वर्गातही भेटलं नव्हतं.

उपाय आहेत, पण प्रत्येकाची एक खोड आहे. जॉयस्टिकच्या माथ्यावर अंगठ्याखाली हॅट स्विच नावाचं बोंड असतं. ते ढकललं त्या दिशेला नजर वळते, मात्र झटक्याने, आणि परतताना आपलं विमान सरळ आहे की उलटं हे नव्याने शोधावं लागतं. ‘पॅडलॉक’ लावलं तर नजर शत्रूला चिकटून राहते. जमीन शत्रूपक्षात मोडत नसल्याने तिच्याकडे लक्ष राहत नाही, आणि ती लागते. सगळ्यांत शाही उपाय टोपीचा. टोपीला चकाकत्या पट्ट्या, मॉनिटरवर इन्फ्रारेड कॅमेरा. आपण मान थोडी वळवली की आतली मान खांद्यापर्यंत वळते. अट एकच, डोळे पडद्यावरून हलता कामा नयेत. म्हणजे मान डावीकडे आणि बुबुळं उजवीकडे. घरात टोपी घालून या अवस्थेत बसलेल्या नवऱ्याला पाहून बायकोने “अहो, मान अवघडलीय का? बाम लावून देऊ?” असं विचारलं, तर तिचं काय चुकलं?

हे रडगाणं एकट्या खेळगड्यांचं नाही. पालमच्या हवाई दल संग्रहालयात स्पिटफायर आहे. शेपूट जमिनीला टेकलेलं, लांबलचक नाक वर, आणि वैमानिकाची जागा पार मागे. धावपट्टीकडे जाताना त्याला नाकासमोरचं काही दिसायचं नाही, म्हणून विमान नागमोडी न्यावं लागे. हवेत पाठीमागचं दिसावं म्हणून पुढच्या काचेवर आरसा लावला, पुढे डोकं बाहेर काढता यावं अशी फुगीर कॅनॉपी आली. आणि सारखं मागे वळून मान सोलवटू नये म्हणून गळ्यात रेशमी रुमाल! सिनेमावाल्यांनी त्यातला रुमाल तेवढा उचलला. १९६३ पासून आपल्याकडे उडलेलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये निरोप घेतलेलं मिग-२१ मागचं दाखवण्यात कंजूषच. त्याच्या दोन आसनी प्रशिक्षण विमानात तर मागे बसलेल्या गुरुजींना उतरताना समोरचं दिसावं म्हणून चक्क पेरिस्कोप होता. पाणबुडीतली वस्तू आभाळात गेली ती अशी.

माणसाने मागचं दिसावं म्हणून इतका आटापिटा केला, आणि आमच्या एनसीआरमध्ये लोक बाजूचे आरसे मिटून एक्स्प्रेसवेवर गाडी हाणतात. हे वैमानिक कुठल्या दलाचे, मला कळलेलं नाही.

तेव्हा नवा सिम्युलेटर घेतलात तर ढग, सावल्या आणि पाण्यावरची चमक नंतर बघा. आधी आतल्या वैमानिकाचं आसन दोन बोटं वर घ्या, डोकं जरा मागे न्या, पट्टी नजरेआड होईल इतकं बाजूला सरकवा, दोन्ही खांद्यांवरून मागे बघायला एकेक बटण नेमा, आणि हे सगळं सेव्ह करा. विश्वास बसत नसेल तर पालमला जाऊन स्पिटफायरचं ते नाक बघून या. सोमवार-मंगळवार तेवढे टाळा, संग्रहालय बंद असतं.