बस नसलेला थांबा

दक्षिण कोरियात जाऊन राजवाडे पाहायचे, असा माझा बेत होता. भाचीला एक बसथांबा पाहायचा होता. तिकिटं तिने काढली होती, तेव्हा आम्ही बसथांबा पाहायला निघालो.

2018च्या हिवाळी ऑलिंपिकच्या निमित्ताने सुरू झालेली वेगवान रेल्वे सोलहून गांगनुंगला सुमारे दोन तासांत नेते. तेवढ्या वेळात तिने माझ्याकडून बीटीएस या कोरियन पॉप बँडमधले सातही जण पाठ करून घेतले. "आणि मामा, ‘सगळे सारखेच दिसतात’ हे वाक्य तिथे काढायचं नाहीस!"

गांगनुंगच्या उत्तरेला जुमुन्जिन हे मासेमारीचं बंदर. तिथल्या किनाऱ्यावर बीटीएसच्या 2017च्या ‘यू नेव्हर वॉक अलोन’ या अल्बमच्या फोटोंसाठी खोटा बसथांबा उभारला होता. काम झालं, थांबा काढला. पण चाहत्यांची ओढ पाहून गांगनुंग शहराने 2018मध्ये तो तिथेच पुन्हा बांधला. म्हणजे आता जो आहे, तो खोट्या थांब्याची सरकारी नक्कल. आमच्या गावच्या खऱ्या थांब्याचं छप्पर वादळात उडालं, तेव्हापासून ‘प्रस्ताव वर गेलाय’ एवढंच ऐकतोय. छप्परही वरच गेलं होतं म्हणा.

समोर निळा समुद्र, मागे रस्ता, मध्ये थांबा आणि थांब्यापुढे जांभळ्या टोप्या, जांभळ्या ओढण्या, जांभळ्या मोज्यांची रांग. बीटीएसच्या चाहत्यांना आर्मी म्हणतात, ते रांग पाहून पटलं. कुणी घुसत नाही, कुणी ‘जरा पिशवी बघा हं’ म्हणून गायब होत नाही. पुढचीचे फोटो मागचीने काढायचे, हा अलिखित नियम. आमच्या पुढे मनिलाच्या दोघी होत्या. त्यांनी डबा उघडला, बीटीएसमधल्या व्हीचं छोटं फोटोकार्ड भाताशेजारी उभं केलं, फोटो घेतला आणि मगच घास तोंडात घातला. आमच्या आजीने नैवेद्य दाखवायला एवढा वेळ घेतला नसता.

रांगेजवळून एक स्थानिक आजोबा चालले होते. आम्ही वाट चुकलोय असं वाटून त्यांनी खुणेने सांगितलं, बस इथे येत नाही, पलीकडे मोठ्या रस्त्यावर येते. सगळ्यांनी कमरेत वाकून आभार मानले. रांगेतून कुणीही हललं नाही.

आमचा नंबर लागला. बाकावर बसलो.

"मामा, कॅमेऱ्याकडे नको बघूस. रस्त्याकडे बघ. बसची खूप वाट पाहतोयस आणि ती येणार नाही हे तुला माहितीये, असा चेहरा कर."

पहिल्याच फोटोला मागच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. एकीने भाचीला विचारलं, मामा नाटकात काम करतात का? भाची म्हणाली, नाही, एसटीने कामाला जातो.