दुसरा प्रवरसेन, पण कुठला?

राजघराण्यात सगळ्याची रेलचेल, टंचाई फक्त नावांची. आमचं वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका पातीची राजधानी. दुसरी पाती तिकडे रामटेकजवळ नंदिवर्धनला. दोघींचा पूर्वज पहिला प्रवरसेन, चार अश्वमेध केलेला. असला पूर्वज लाभल्यावर दोन्ही घरांनी पुढे पोराचं नाव प्रवरसेनच ठेवलं, त्यामुळे इतिहासात ‘दुसरा प्रवरसेन’ चक्क दोन आहेत! ‘सेतुबंध’ रचणारा तो नंदिवर्धनचा. हे कबूल करताना वाशिमकर जरा कसनुसा होतो आणि लगेच आमचा ‘हरिविजय’कर्ता सर्वसेन पुढे करतो. ते काव्य हरवलंय, त्यामुळे कुणी पडताळून पाहत नाही.

आमच्या प्रवरसेनाच्या मुलाचं नाव तर अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या लेखातून पार झिजून गेलेलं. आठव्या वर्षी गादीवर बसला, एवढं कळतं. पुढे अभ्यासकांना नाव गवसलं, तर काय, सर्वसेन! पणजोबांचंच. हे लोण नागपूरकर भोसल्यांपर्यंत आलं. तिथं रघूजीच तीन.

गावात हे पहिला-दुसरा चालत नाही. शेगाव जवळ, त्यामुळे इकडे घरटी एक गजानन. कुरिअरवाला पोरगा पारापाशी गाडी थांबवून नाव विचारतो.

“कोन्ता गजानन? डीपीपाशीचा, का बोअर फेल गेलेला?”

“ज्याच्यावर लोन हाये तो.”

“मंग तं सारेच!”

कॉन्स्टँटिनोपलची रयत याच वळणाची. कॉन्स्टंटाइन नावाचे सम्राट तिथं अकरा. पाचव्यानं म्हणे बाप्तिस्म्याच्या पाण्यातच घाण केली. हे उठवलं विरोधकांनी, पण त्यावरून पडलेलं नाव, आपल्याकडचं ‘हगऱ्या’च, थेट इतिहासात जाऊन बसलं. पाचव्या मायकेलचा बाप जहाजांच्या फटी बुजवायचा. पोरगा तख्तावर बसला तरी लोकांच्या तोंडी फटीबुजव्याच राहिला. आमच्या ताम्रपटांत असलं रसाळ काही नाही, जो तो ‘धर्ममहाराज’.

उलटा घोळ मात्र आहे. 1939 साली वाशिमला सापडलेल्या ताम्रपटात सर्वसेनाचा मुलगा विंध्यशक्ती. अजिंठ्यात तोच विंध्यसेन. आज पीएम किसानच्या हप्त्यासाठी खिडकीवर उभा राहिला असता, तर आधी ‘दोन्ही नावांचा इसम एकच’ असं प्रतिज्ञापत्र आणायला पिटाळला असता. “अहो, सदतिसावं वर्ष चालू आहे माझ्या राज्याचं,” असं म्हणाला असता, तर उत्पन्नाचा दाखलाही मागितला असता.