खाऱ्या लोण्याचं बिस्किट

ब्रिटनीचं बिस्किट म्हणजे मैदा, साखर, अंड्याचा बलक आणि सढळ हातानं घातलेलं खारं लोणी. त्या खारटपणामागे चवीइतकंच सरकारही होतं. जालन्यात मस्तगड उभा राहिला त्या १७२५ साली फ्रान्समध्ये मिठावर जबर कर होता. ब्रिटनी प्रांताला मात्र माफी. लोणी टिकवायला तिथले शेतकरी बिनधास्त मीठ घालत. कर १७९० मध्ये उठला, सवय राहिली.

हेच बिस्किट घरी करण्याची आपली रीत निराळी. आधी बिनमिठाचं विदेशी लोणी ऑनलाइन मागवायचं, मग त्यात तितकंच महागडं समुद्री मीठ घालायचं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातलं अमूल बटर मुळातच खारं असतं, पण ते पडलं पावभाजीचं! लोणी मऊ हवं, पातळ नको. मे महिन्यात जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ते वजन करेपर्यंतच विरघळतं, म्हणून मळलेला गोळा तासभर फ्रीजमध्ये ठेवायचा. वीज असेल तर. मग लाटून, गोल कापून, वर बलक फासून काट्या-चमच्यातल्या काट्यानं रेघा ओढायच्या आणि १७० अंशांवर कडा तांबूस होईपर्यंत भाजायचं.

दिवाळीआधी मैदा, तूप, पिठीसाखर बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणणाऱ्या आज्यांना यात नवं काय, तर बलक आणि मीठ. बाकी फरक भावाचा: नानकटाई किलोवर मिळते, ब्रिटनीचं बिस्किट नगावर.