मीटरसाहेबांस अनावृत पत्र

श्रीयुत मीटरसाहेब,
मुक्काम केबिन, वीस टनी पोकलेन.
सा. न. वि. वि.

काल जुनी मशीन बघायला यार्डात गेलो, तिथे आपलं दर्शन घडलं. २०१२ची मशीन आणि काचेत ६,२१४ तास! वर्षाला पाचशेही भरत नाहीत. आमच्याकडे बँकेचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस पावसाळा सोडून रोज आठ-दहा तास बकेट फिरवतो. ही मशीन मात्र दीड तास खोदून उरलेला दिवस पारायणाला बसत असावी.

आपले शेजारीच फितूर निघाले, साहेब. पायाखालच्या पेडलचं रबर पार जाऊन लोखंड चकाकतंय. स्प्रॉकेटचे दात करवतीसारखे टोकदार झालेत. एवढंच बदलून भागलं असतं तर ठीक. पण झिजलेल्या चेनीवर नवं स्प्रॉकेट चढवलं की तेही झपाट्याने त्याच वाटेने जातं. म्हणजे चेन, रोलर, सगळा खालचा संसारच नवा मांडायचा. वरून मात्र पिवळा रंग इतका ताजा, की ग्रीसच्या निपलांनाही एक हात मारलाय. आता त्यांत ग्रीस कुठून भरायचं, ते रंगाऱ्यालाच विचारावं लागेल.

बूम वर उचलून इंजिन बंद केलं आणि चहा मागवला. चहा संपेतो बकेट चांगली वीतभर खाली आली. माझ्यासोबतचा मिस्त्री काही बोलला नाही, नुसती बशी खाली ठेवली. मग बकेट जमिनीला टेकवून बूम दाबला, तर वरचा सगळा डोलारा खालच्या गाड्यावर खुळखुळला. स्विंग बेअरिंग! ते काढायचं तर वरचा अख्खा डोलारा उचलावा लागतो.

मालकांचं अगत्यही सांगायलाच हवं. ‘तुमच्यासाठी सकाळीच चालू करून ठेवली,’ म्हणाले. थंड इंजिन पहिल्या चावीला किती धूर ओकतं, ते पाहण्याचा त्रास वाचला. चालू इंजिनच्या ऑइलचं झाकण काढलं तेव्हा चिलीम पेटल्यासारखं झालं, ती गोष्ट वेगळी.

मग मिस्त्रीने हट्टाने दोन तास मुरूम उकरला. पंपाचं खरं रूप तेल तापल्यावरच दिसतं. तासाभराने बूम असा उठू लागला, जसा आमचा तलाठी खुर्चीतून उठतो.

दोन तासांनी केबिनमध्ये डोकावलो. आपण तिथेच होता. ६,२१४. आकडा तसूभर हलला नव्हता.

मालकांना दाखवलं. ते म्हणाले, ‘मीटर बंद आहे हो, पण रीडिंग खरं आहे.’

आपला,
एक गिऱ्हाईक

ता. क. : व्यवहार जमला तर नवा मीटर बसवून देतो म्हणाले. किती तासांचा पाहिजे, हेही विचारलं.