नातवंडामागे धावणाऱ्या आजोबांसाठी मार्गदर्शिका

मान धरणे, पालथे पडणे, रांगणे, उभे राहणे, चालणे, धावणे, उडी मारणे अशा, शरीरातील मोठ्या स्नायूंच्या बळावर होणाऱ्या क्रियांना बालविकासशास्त्रात स्थूल कारक कौशल्ये म्हणतात. या विषयावरील बहुतेक ग्रंथ बालकाला शिष्य मानतात. प्रत्यक्षात बालकाला या बाबतीत शिकवण्यासारखे फार थोडे असते आणि ज्याला शिकवण्याची निकड असते तो ओट्यावर बसून ‘पडशील, पडशील’ असे ओरडत असतो. प्रस्तुत मार्गदर्शिका त्या वर्गासाठी, म्हणजे पारगावच्या आजोबांसाठी, आहे. पारगाव हे गाव जुन्नर तालुक्यात तर्फे आळे आणि आंबेगाव तालुक्यात तर्फे अवसरी बुद्रुक असे दोन्हीकडे असले, तरी आजोबा दोन्हीकडे एकाच जातकुळीचे आढळत असल्याने नियमांत तालुकावार भेद केलेला नाही.

नियम पहिला : चालण्याची तारीख मागू नये. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी बालकांची पाहणी करून २००६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार आधाराशिवाय चालू लागण्याचे वय सुमारे ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कुठेही असू शकते, आणि शंभरातली चार-एक मुले हातागुडघ्यांवर रांगण्याचा टप्पा गाळूनच पुढे जातात. तरीही वर्षाचे नातवंड भिंत धरून उभे दिसले की शेजारच्या घरातले दहाव्या महिन्यात कसे चालले, याची चर्चा पारावर सुरू होते. याच आजोबांनी जुलैत आडसाली उसाची लागण केली, तर तो तुटायला १६ ते १८ महिने लागणार हे ते शांतपणे मान्य करतात, मधल्या काळात सरीत उभे राहून उसाला टोमणे मारत नाहीत आणि शेजाऱ्याच्या फडाकडे बोटही दाखवत नाहीत. तेवढीच मुदत नातवंडालाही द्यावी. मात्र दीड वर्ष उलटूनही मूल चालत नसेल, किंवा येत असलेली हालचाल मध्येच थांबली असेल, तर पारावरचे मत न घेता डॉक्टरांना दाखवावे.

नियम दुसरा : ‘पडशील’ हा उद्गार जपून खर्चावा. चालायला शिकणारे मूल पडतेच, आणि उंची मुळात कमी असल्यामुळे बहुधा बुडावर पडून पुन्हा उठते. परंतु मागून अचानक आलेल्या आरोळीने ते दचकते, मान वळवते आणि मग खरोखरच पडते, तेव्हा आजोबा ‘बघ, सांगितलं होतं’ असे म्हणून आपले भाकीत खरे ठरल्याचे समाधान मिळवतात. त्याऐवजी ‘हळू’, ‘कठडा धर’, ‘खाली बघ’ असे, काय करायचे ते सांगणारे शब्द वापरावेत. मुलाचे दोन्ही हात वर ओढून त्याला चालवण्यापेक्षा समोर दोन हातांच्या अंतरावर उकिडवे बसून बोलवावे. आजोबांना उकिडवे बसणे जमत नसेल, तर स्थूल कारक कौशल्यांची गरज घरात नेमकी कोणाला आहे, हे त्यातून स्पष्ट होते. एका मनगटाला धरून मूल कधीही उचलू नये, कारण या वयात कोपराचा सांधा झटक्याने सरकतो.

नियम तिसरा : लाकडी पांगुळगाडा आणि बाजारातला वॉकर या दोन भिन्न वस्तू होत. पांगुळगाड्यात मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून गाडा ढकलते. वॉकरमध्ये ते झोळीत लोंबकळत पायाच्या बोटांनी जमीन रेटते, तोल सांभाळायला शिकत नाही आणि मोठ्यांचे लक्ष जाण्याआधी पायरीपर्यंत किंवा चुलीपर्यंत पोहोचते. कॅनडाने तर २००४ पासून अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली आहे. वॉकर आणणाऱ्या मामांचे आभार मानावेत आणि त्यात कांदे ठेवावेत.

नियम चौथा : घरात आणि अंगणात पाय अनवाणी असावेत, चालताना चूंचूं वाजणारे बूट फक्त आजोबांना आवडतात.

नियम पाचवा : पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार १ ते ४ वर्षे वयाच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी, दोन वर्षांच्या आत पडदा पाहूच नये आणि त्यानंतरही तो दिवसाला तासाभरापेक्षा जास्त पाहू नये. पारगावात गळीत हंगामात भीमाशंकर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या ओढणारे खरेखुरे ट्रॅक्टर रस्त्याने जात असतात, आणि त्याच वेळी घास भरवणे सोपे जावे म्हणून नातवंडाला मोबाइलवर ट्रॅक्टर दाखवला जातो. या प्रकाराचे शास्त्रीय स्पष्टीकरण उपलब्ध नाही. अहो, पोराला कडेवर घ्या, फाटकापर्यंत न्या, ट्रॅक्टर गेला की खाली सोडा आणि पळू द्या की जरा!

नियम सहावा : ‘अंगणवाडीत नुसतं खेळवतात, शिकवत काही नाही’ हे वाक्य उच्चारू नये. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यात सामील झाल्या, आणि आदिवासी पाड्यांवरील मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेण्याचा प्रयोग तिथून पुढे वाढला. अंगणवाड्या जिच्यातून आल्या ती एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, म्हणजे त्यानंतर तीन दशकांनी. अंगणवाडीच्या ताई खडूने रेघ ओढून तिच्यावरून चालायला लावतात तेव्हा तोल शिकवत असतात, आणि बेडूकउड्या मारायला लावतात तेव्हा दोन्ही पायांनी एकदम उडणे व न पडता टेकणे शिकवत असतात. साधारण तिसऱ्या वर्षी मूल पायऱ्यांवर आळीपाळीने पाय टाकू लागते आणि चौथ्या-पाचव्या वर्षी लंगडी घालू लागते. लंगडी न येणाऱ्या मुलाला पाढे पाठ असल्याचा अभिमान बाळगणे म्हणजे चाकांआधी हॉर्न बसवणे होय. घरच्या अंगणात पेव्हर ब्लॉक, दोन मोटारसायकली आणि वाळत घातलेले धान्य यांतून जी जागा उरते, तीत मांजरही धावत नाही, हेही या संदर्भात नमूद करणे भाग आहे.

नियम सातवा : या नियमात आजोबांची भीती खरी मानली आहे. उसाच्या फडात बिबट्या आसरा घेतो आणि तिथेच पिले वाढवतो. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत लहान मुलांवरही हल्ले झालेले आहेत, आणि तोडणी सुरू झाली की लपण गमावलेली जनावरे जागा बदलतात. म्हणून दिवेलागणीनंतर आणि पहाटे मूल बाहेर एकटे नको, उसाच्या कडेला तर दिवसाही नको, आणि सोबतचे मोठे माणूस हाक मारण्याच्या नव्हे, हात लावण्याच्या अंतरावर हवे. कोपीवरच्या ऊसतोड मजुरांच्या मुलांना हे संरक्षण सर्वांत कमी मिळते आणि मोकळे रान सर्वांत जास्त, ही विषमता कोणत्याही विकासतक्त्यात दिसत नाही. परंतु या भीतीवर मुलाला दिवसभर घरात कोंडणे हा उपाय नव्हे. दुपारी देवळाचा सभामंडप असतो, शाळेचे मैदान असते, आणि वेळ असलेले आजोबा तर असतातच. येत्या ग्रामसभेत अंगणवाडीचे कुंपण आणि आवारातला दिवा हे दोन विषय त्यांनीच मांडावेत; बोलण्याचा सराव त्यांना आहे.