घाटाला वजन हवं

खेळण्यातली रेल्वे म्हणू नका. आमच्या पंथात हा अपमान समजतात. मॉडेल रेल्वे म्हणा. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी हयातभर खपून छोट्या गाड्यांचं अख्खं गाव वसवलं. 1998 पासून लोक तिकीट काढून ते बघतात आणि घरी येऊन इंजिनांच्या किमती शोधतात. शहाण्यानं आधी प्लायवूड शोधावं.

खाली प्लाय, वर दोन इंची फोम, असा हा पाया. नुसत्या प्लायवर रूळ टाकले तर सगळा मार्ग दौंड ते सोलापूर होतो. मला बोरघाट हवा, म्हणजे कोरायला काहीतरी हवं. 1:87 च्या प्रमाणात दोन इंच म्हणजे साडेचौदा फूट. दरी नाही होत, पण ओढा आणि त्यावरचा पूल होतो.

आता हे दोन थर चिकटवायचे, आणि इथेच प्रत्येकाला कंठ फुटतो. सुतार म्हणाला, "साहेब, सनमायकाला लावतो ते पिवळं सोल्युशन लावा, जन्मात सुटणार नाही." सुटायला फोम उरायला तर हवा! त्यातला सॉल्व्हंट पॉलिस्टायरीन विरघळवतो. 2018 च्या बंदीआधी ज्यांनी थर्मोकोलच्या मखरावर हौसेनं स्प्रे पेंट मारला, त्यांनी गणपतीचा महाल डोळ्यांदेखत खंगताना पाहिलाय.

मग फेविकॉल? लाकडाला लाकूड जोडायला त्याला तोड नाही. पण आतलं पाणी गेल्याशिवाय तो वाळत नाही. फोम पाणी पीत नाही, प्लाय सावकाश पितो. भरभरून ओतला तर कडा टणक आणि मध्ये दही. त्यापेक्षा फटी बुजवायचा अॅक्रिलिक सिलंट बरा. बंदुकीनं रेघा मारायच्या, दातेरी पट्टीनं पातळ पसरायचा, फोम टेकवून किंचित सरकवायचा, म्हणजे हवा निघते.

आणि वजन ठेवायचं. या कामाला मराठी विश्वकोशाचे खंड सर्वोत्तम. आकार सारखा, वजन भरपूर, आणि मधूनच कोणी वाचायला नेत नाही. ते पुरेनात तेव्हा पाटा आणला. आई लगेच म्हणाली, "मग मी चटणी कशावर वाटू?" घरात मिक्सर आल्यापासून तिला पाट्याची आठवण झाली ती तेव्हाच.

शेजारचे काका मध्य रेल्वेतून निवृत्त. ते आशीर्वाद द्यायला आले आणि गेज विचारून बसले. साडेसोळा मिलिमीटर, मी म्हणालो. त्यांनी मनातल्या मनात 87 नं गुणलं.

"हे 1435 येतंय! आपलं 1676. अहो, परदेशी रूळ बोरघाटात घालताय?"

आपल्या ब्रॉडगेजला सव्वाएकोणीस मिलिमीटर लागतात आणि तसे तयार रूळ मला कुठे मिळाले नाहीत, हे सांगूनही त्यांचा राग उतरला नाही. जाताना एवढं बजावून गेले की घाटाचा चढ 37 ला 1 आहे, त्यात तडजोड चालणार नाही. म्हणजे आठ फुटांच्या टेबलावर गाडी जेमतेम अडीच इंच चढणार. त्यासाठी एवढा संसार फोमवर मांडलाय.

"अहो, गव्हाचा डबा कुठंय?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"खंडाळ्याला."

तुम्हीही हा उद्योग करणार असाल, तर पावसाळा टाळा, प्लाय आधी चौकटीवर स्क्रूनं घट्ट बसवा, आणि दळण आदल्या दिवशीच आणून ठेवा.